वॉल्टर रीड आणि एक करारपत्र

क्युबा बेटावर, हवाना शहरापासून जवळच, केमादोस नावाच्या गावाबाहेर अमेरिकन लष्कराची एक छावणी होती. २६ नोव्हेंबर १९०० या दिवशी त्या छावणीतल्या डॉक्टरांनी स्पेनमधून पोट भरायला आलेल्या एका मजुराशी एक करार केला. कागद त्याच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये होता. मला पीतज्वर मुद्दाम जडवण्यात येईल, त्यात माझ्या जिवाला धोका आहे, हे मला कळले आहे आणि तरीही मी राजीखुशीने तयार आहे, असा त्या कागदाचा मथितार्थ. डॉक्टरांच्या बाजूने त्यावर सही होती मेजर वॉल्टर रीड यांची.

वार्षिक अंकात आपण थोरामोठ्यांची चरित्रे दरवर्षी वाचतो. रीड यांचे चरित्र मला लिहावेसे वाटले ते त्यांनी पीतज्वराचा डास शोधून काढला म्हणून नव्हे. (तो त्यांनी शोधलाच नाही, त्याचे श्रेय दुसऱ्याचे आहे, ते पुढे येईलच.) मला लिहावेसे वाटले ते या कागदासाठी. माणसावर प्रयोग करण्यापूर्वी त्याची लेखी संमती घेतल्याची जी सर्वांत जुनी उदाहरणे ठाऊक आहेत, त्यांत या कागदाचे स्थान फार वरचे आहे. आणि तो लिहिला गेला लष्करात! लष्करात वरिष्ठाने सांगायचे आणि कनिष्ठाने करायचे, एवढाच रिवाज. तिथे परवानगी मागण्याची बुद्धी कोणाला आणि कशी झाली?

वॉल्टर रीड यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५१ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात बेलरॉय या खेड्यात झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. धर्मोपदेशकाची बदली होत राहायची, तसे त्यांचे बिऱ्हाडही या गावाहून त्या गावाला हलायचे. पाच भावंडांत वॉल्टर धाकटे. बालपण यादवी युद्धाच्या धामधुमीत गेले. तरी मुलगा असा हुशार की, व्हर्जिनिया विद्यापीठाची वैद्यकीची पदवी त्याने १८६९ साली, वयाच्या अठराव्या वाढदिवसापूर्वीच मिळवली. त्या वयात आपण बारावीच्या निकालाची वाट पाहत असतो! पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या बेलेव्ह्यू वैद्यकीय महाविद्यालयाची दुसरी पदवी घेतली. मग न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन येथे आरोग्यखात्यात नोकरी. पण मोठ्या शहरात ओळखीपाळखीवाचून डॉक्टरचा जम बसणे कठीण. लग्न करायचे तर ठरलेला पगार हवा. तेव्हा १८७५ साली त्यांनी लष्कराच्या वैद्यकीय दलात प्रवेश केला, आणि १८७६ साली एमिली लॉरेन्स यांच्याशी विवाह केला.

त्यानंतरची पंधराएक वर्षे सरहद्दीवरच्या ठाण्यांत गेली. ॲरिझोनाचे वाळवंट, नेब्रास्काची थंडी. आजूबाजूला शंभर मैलांत दुसरा डॉक्टर नाही, अशा ठिकाणी शिपाई, वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी, सगळ्यांचे बाळंतपणापासून हाडे बसवण्यापर्यंत सर्व काही त्यांनी केले. अलाबामातल्या एका ठाण्यावर कैद करून ठेवलेल्या अपाची लोकांच्या औषधपाण्याची जबाबदारीही त्यांच्यावर होती. त्या कैद्यांत प्रसिद्ध जेरोनिमो होता. या काळाबद्दल चरित्रकार फारसे लिहीत नाहीत. माझ्या मते मात्र ज्याच्यापुढे रोगी निमूटपणे हात पुढे करतो त्या डॉक्टराच्या हातात किती सत्ता असते, हे रीड यांना इथेच पुरते उमगले असावे.

१८९० साली त्यांना बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम वेल्च यांच्या हाताखाली जंतुशास्त्र शिकण्याची संधी मिळाली. वय चाळिशीला टेकले असताना हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. १८९३ साली ते वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यक शाळेत प्राध्यापक झाले. १८९८ साली अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध पेटले. त्या युद्धात अमेरिकेचे जेवढे सैनिक गोळ्यांनी मेले, त्याहून कितीतरी अधिक रोगांनी मेले. लढाईवर न गेलेल्या, मायदेशातल्याच छावण्यांत वीस हजारांहून अधिक जवानांना विषमज्वर झाला आणि त्यांतले दीड हजारांहून अधिक दगावले. याच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाचे रीड प्रमुख होते. शौचकूप, माश्या आणि माणसामाणसांतला संसर्ग यांवर त्यांनी बोट ठेवले. हे काम मोठे होते, पण त्यात कोणाचा जीव मुद्दाम धोक्यात घालायचा नव्हता. तो प्रसंग दोन वर्षांनी आला.

युद्ध जिंकल्यावर क्युबा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात आला, आणि त्याबरोबर पीतज्वरही. हा रोग आपल्या देशात कधी पसरला नाही, म्हणून थोडे सांगते. थंडी वाजून ताप येतो, डोळे व कातडी पिवळी पडते, रोग बळावला की काळी उलटी होते. ती रक्ताची असते. काळी उलटी झाली म्हणजे घरचे लोक आशा सोडत. हवाना शहरात हा ताप दीडशे वर्षे ठाण मांडून होता. तो कशाने होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. रोग्याच्या कपड्यांतून व अंथरुणातून तो पसरतो अशी सार्वत्रिक समजूत होती, म्हणून कपडे जाळत आणि घरे धूत.

१८९७ साली ज्युसेपे सानारेली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने जाहीर केले की, आपल्याला पीतज्वराचा जंतू सापडला आहे. कसा सिद्ध केला? दक्षिण अमेरिकेतल्या एका रुग्णालयातील पाच रोग्यांना त्याने त्या जंतूचे विष टोचले. त्यांना काहीही सांगितले नव्हते. त्यांतले तिघे मेले, असे त्यानेच लिहिले. त्यावर १८९८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सभेत विल्यम ऑस्लर हे नामांकित वैद्य उठले आणि हा शास्त्रीय प्रयोग नसून गुन्हा आहे अशा आशयाचे कडक बोलले. पुढे रीड आणि त्यांचे सहकारी जेम्स कॅरोल यांनी तो जंतू पीतज्वराचा नव्हेच, डुकरांच्या एका रोगाचा आहे, हे दाखवून दिले. म्हणजे ते तीन जीव फुकट गेले. रोग्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन केलेले शास्त्र खोटेही ठरू शकते, हे रीड यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिले होते. १९०० च्या मार्चमध्ये माणसांवरील प्रयोगांना कायद्याने लगाम घालावा असे विधेयकही सिनेटर गॅलिंजर यांनी अमेरिकन संसदेत आणले. ते मंजूर झाले नाही, पण वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते कळते.

जून १९०० मध्ये पीतज्वर आयोग क्युबात दाखल झाला. सदस्य चार : रीड, कॅरोल, जेस्सी लाझिअर आणि क्युबात जन्मलेले आरिस्तिदेस आग्रामोंते. हवानातच कार्लोस फिनले नावाचे वयोवृद्ध डॉक्टर राहत. हा ताप डासामुळे पसरतो हे त्यांनी १८८१ सालीच सांगितले होते आणि डासाची जातही नेमकी ओळखली होती. आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच हा पट्टेरी पायांचा डास. पण फिनले यांचे प्रयोग पटण्यासारखे झाले नाहीत आणि वीस वर्षे लोक त्यांना हसले. रोग्याला चावल्यावर डास लगेच घातक होत नाही, मध्ये बरेच दिवस जावे लागतात, हा धागा हेन्री कार्टर नावाच्या डॉक्टरांच्या मिसिसिपीतल्या नोंदींतून पुढे आला. फिनले यांनी आपल्याकडची डासांची अंडी आयोगाला देऊन टाकली. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचे नाव आपल्यापर्यंत पोचू नये, याची मला चुटपुट लागते.

डासाचा संशय तपासायचा तर डास चाववायचे कोणाला? पीतज्वर होईल असा दुसरा प्राणी तेव्हा माहीत नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीस सदस्यांनी ठरवले की, दुसऱ्याला सांगण्याआधी आपण स्वतःला चाववून घ्यायचे. आणि इथे रीड यांच्या चरित्रातला अवघड भाग येतो. असे ठरले, आणि लगोलग रीड विषमज्वराचा राहिलेला अहवाल पुरा करण्यासाठी वॉशिंग्टनला निघून गेले. २७ ऑगस्टला कॅरोल यांनी डास चाववून घेतला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. ३१ ऑगस्टला विल्यम डीन या साध्या शिपायाला डास चाववला. त्यालाही ताप आला, पण तो बरा झाला. त्याला विचारले होते, पण तोंडी. डासाने काय होणार, अशीच त्याची समजूत होती. तो हो म्हणाला तो कशाला, हे त्याला खरोखर कळले होते का? सप्टेंबरच्या मध्यास लाझिअर आजारी पडले आणि २५ सप्टेंबरला वारले. वय अवघे ३४. त्यांचे दुसरे मूल नुकतेच जन्मले होते. ते त्यांनी पाहिलेही नाही. रुग्णालयात काम करताना चुकून डास चावला असे अधिकृतपणे नोंदले गेले, परंतु त्यांच्या वहीतील टिपणांवरून तो डास त्यांनी मुद्दाम चाववून घेतला असावा अशी शंका पुढे अनेकांना आली.

रीड ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतले. त्यांनी स्वतःला कधीच डास चाववून घेतला नाही. वय ४९, प्रकृती बेताची, आणि आयोगाचा प्रमुखच गेला तर काम कोण पुरे करणार, असे सहकाऱ्यांनी समजावले म्हणतात. ते खरेही असेल. कॅरोल यांच्या मनात मात्र ही सल अखेरपर्यंत राहिली. इथे मला मुंबईच्या हाफकिन साहेबांची आठवण होते. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांतून पुढे आलेल्या लोकांना टोचली. आधी आपण, मग दुसरे, हा नियम ऐकायला फार उमदा वाटतो. परंतु विचार केला म्हणजे जाणवते की, डॉक्टर स्वतः धोका पत्करतो म्हणून समोरच्याला धोक्यात घालण्याचा हक्क त्याला मिळत नाही. कॅरोल शूर होते, पण त्यांच्या शौर्याने डीनचे अज्ञान भरून निघाले नाही. रीड यांनी डास चाववून घेतला नाही. त्यांनी कागद लिहिला. दोहोंपैकी कोणती गोष्ट मोठी, यावर आमच्या वसतिगृहातील खोलीत एका रात्री चांगलाच वाद झाला. माझ्या मैत्रिणीच्या मते रीड भित्रे. मला तसे वाटत नाही.

२३ ऑक्टोबरला इंडियानापोलिसच्या सभेत रीड यांनी डासाचा सिद्धान्त मांडला. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. पुरावा तीन-चार माणसांचा, तोही पुरेशा देखरेखीवाचून. तेव्हा कडेकोट प्रयोग करणे भाग होते, आणि त्यासाठी माणसे हवी होती. क्युबाचे लष्करी गव्हर्नर जनरल लिओनर्ड वुड हे स्वतः डॉक्टर. त्यांनी पैसा मंजूर केला. स्पॅनिश वकिलानेही, माणूस सज्ञान असेल आणि आपल्या मर्जीने तयार असेल तर हरकत नाही, असे कळवले. २० नोव्हेंबरला गावाबाहेर मोकळ्या रानात तंबू ठोकले गेले. छावणीला नाव दिले लाझिअर यांचे.

आता त्या करारात काय होते ते पाहू. सही करणारा २५ वर्षांहून मोठा असला पाहिजे. ताप आला तर जिवाला धोका आहे, हे त्याला ठाऊक आहे. या बेटावर राहायचे म्हणजे हा ताप टळणे अशक्यच, तेव्हा चांगल्या औषधोपचाराच्या भरवशावर तो आत्ताच अंगावर घेणे त्याला पसंत आहे. मुदत जास्तीत जास्त दोन महिने. मोबदला सोन्याच्या नाण्यांत १०० डॉलर, आणि ताप आलाच तर आणखी १००. मृत्यू आला तर पैसे तो सांगेल त्या माणसाला पोचवले जातील. मुदतीआधी छावणी सोडली तर पैशांवरचा हक्क जाईल.

हा मजकूर मी बऱ्याच वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी माझे मत बदलले. सुरुवातीला डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करायला लाज कसली? आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. सही करतात, पण अक्षरे जुळवून. माझ्या आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा तिचा अंगठा शाईत बुडवून एका छापील कागदावर उमटवून घेतला. कागद इंग्रजीत होता. त्यात काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखवले नाही, आणि विचारायची तिची छाती नव्हती. डॉक्टरला प्रश्न विचारला तर तो रागावेल आणि नीट कापणार नाही, अशी तिची प्रामाणिक भीती! ऑपरेशन चांगले झाले, तक्रार त्याबद्दल नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एका परक्या लष्कराने एका मजुराला त्याच्या भाषेत, जीव जाऊ शकतो हे सरळ लिहून दिले, हे वाचल्यावर आजीच्या अंगठ्याची शाई आठवल्यावाचून राहत नाही.

मग मी पुन्हा वाचला आणि पैशांवर नजर अडकली. अमेरिकन सैन्यातल्या साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना १३ डॉलर होता. म्हणजे १०० डॉलर ही त्याचीही सात महिन्यांहून अधिक कमाई. मग बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, खिशात काही नसलेल्या मजुराला ती किती मोठी वाटली असेल? आग्रामोंते यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, नवख्या स्पॅनिश मजुरांना ते आधी रोजावर दगड वेचण्याच्या हलक्या कामाला लावीत, पोटभर जेवू घालीत, आणि बोलता बोलता वय, घरदार, पूर्वी ताप येऊन गेला का, हे विचारून घेत. ज्याच्यावर बायकामुले अवलंबून त्याला वगळीत, अल्पवयीनाला वगळीत. यात माणुसकी आहेच. पण यात बाजारात बैल पारखण्याचाही थोडा भास होतो. आणि या बेटावर ताप टळणे अशक्यच, हे वाक्य तर मला सरळ खटकते. ताप पुष्कळांना येई, सगळ्यांना येत नसे. भुकेलेल्याला आधी भीती दाखवायची आणि मग सोने, यातून निघालेला होकार कितपत खुला? तरीही मी म्हणेन की, हा कागद नसता तर तोच मजूर त्याच डासापुढे न सांगता उभा केला गेला असता. सानारेलीने तेच केले होते.

शिपायांचा प्रश्न आणखी वेगळा. जॉन किसिंजर हा शिपाई आणि जॉन मोरन हा छावणीतला मुलकी कारकून, हे दोघे आपणहून पुढे आले. रीड यांनी धोका समजावून सांगितला, मोबदल्याची रक्कमही सांगितली. दोघांनी पैसे नकोत म्हटले. तेव्हा रीड यांनी हाताखालच्या या माणसांना सलाम ठोकला, अशी हकीकत सांगतात; ती दंतकथाही असेल. एन.सी.सी.तल्या मित्रांना माझे म्हणणे लगेच पटेल. परेडला सरांनी कोण येणार म्हणून विचारले की, सगळ्यांचे हात वर होतात. ते हात मनाने वर होतात की शेजाऱ्याचा हात पाहून, हे कोण सांगणार? गणवेशातल्या माणसाकडून घेतलेला होकार दोनदा तपासून घ्यायला हवा. मोरनला ती अडचण नव्हती, तो मुलकी होता. किसिंजरला होती.

प्रयोग मात्र विलक्षण नेटका झाला. दोन लहान लाकडी घरे बांधली. पहिल्या घरात पीतज्वराच्या रोग्यांची उलटीने व घाणीने भरलेली अंथरुणे पसरली. दारे-खिडक्या अशा की हवा खेळू नये. डॉक्टर कुक आणि दोन शिपाई त्या दुर्गंधीत ३० नोव्हेंबरपासून वीस रात्री झोपले. त्यांच्यामागून आणखीही झोपले. एकालाही ताप आला नाही! कपडे जाळण्याची शेकडो वर्षांची समजूत त्या खोलीत संपली. दुसरे घर स्वच्छ, हवेशीर. मध्ये तारेची जाळी. जाळीच्या एका बाजूला रोग्यांना चावलेले १५ डास सोडलेले, दुसऱ्या बाजूला डास नाहीत. २१ डिसेंबरला मोरन डासांच्या बाजूला जाऊन पडला. नाताळच्या दिवशी त्याला ताप भरला. जाळीपलीकडे झोपलेले ठणठणीत राहिले. किसिंजर त्याआधीच, ८ डिसेंबरला आजारी पडला होता, आणि त्याच्या पाठोपाठ करार केलेले काही स्पॅनिश मजूरही. रीड यांनी या यशाचा आनंद पत्नीला पत्रांतून कळवला. त्या पत्रांत जिंकल्याचा हर्ष आहे आणि माणसे जगली पाहिजेत ही धाकधूकही आहे. लाझिअर छावणीत एकही माणूस दगावला नाही. यात काळजी किती आणि नशीब किती, हे ठरवणे कठीण.

एक गोष्ट चरित्रांत चटकन ओलांडली जाते. आपले सोबती तापाने फणफणून डोलीतून रुग्णालयात जाताना पाहिल्यावर उरलेल्या काही स्पॅनिश लोकांनी काम सोडले आणि ते निघून गेले. पैसे बुडाले, पण त्यांना कोणी अडवले नाही. प्रयोग करणाऱ्यांनी ही गोष्ट थोड्या विनोदाने सांगितली आहे. मला त्यात विनोद दिसत नाही. हो म्हटल्यावरही नाही म्हणता येणे, हीच तर संमतीची खरी कसोटी. करारात लिहिलेल्या शब्दांपेक्षा ती त्या निघून गेलेल्या माणसांनी अधिक स्पष्ट करून दाखवली.

नशीब किती पातळ असते ते पुढच्याच वर्षी दिसले. १९०१ साली हवानाच्या लास अनिमास रुग्णालयात डॉक्टर हुआन गितेरास यांनी स्वयंसेवकांना डास चाववून सौम्य ताप आणता येतो का, हे पाहिले. तिथेही मोबदला होता, संमती होती. तिघे मेले. त्यांत क्लारा मास ही २५ वर्षांची अमेरिकन परिचारिका होती. ती २४ ऑगस्टला गेली. त्यानंतर हे प्रयोग बंद पडले. कागद तोच, पण तो मरण अडवू शकत नाही. कागदाने फक्त एवढेच होते की, मरणाऱ्याला ठाऊक असते.

दरम्यान मेजर विल्यम गॉर्गस यांनी हवानात डासांविरुद्ध मोहीम उघडली. साठवलेल्या पाण्यावर झाकण, डबक्यात तेल, रोग्याच्या खाटेला जाळी. १९०१ च्या शरद ऋतूपर्यंत दीडशे वर्षांचा पाहुणा शहरातून गेला. पनामा कालवा पुढे खोदता आला तो याच ज्ञानावर.

रीड वॉशिंग्टनला परतले आणि पुन्हा शिकवू लागले. नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यांचे आंत्रपुच्छ फुटले. त्यांचे स्नेही डॉक्टर विल्यम बोर्डेन यांनी शस्त्रक्रिया केली, पण विष पोटात पसरले होते. २३ नोव्हेंबर १९०२ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी ते वारले. बोर्डेन यांच्याच खटपटीने १९०९ साली वॉशिंग्टनला वॉल्टर रीड लष्करी रुग्णालय उघडले. जुन्या जागेतले ते रुग्णालय २०११ साली बंद करून बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात विलीन केले गेले.

त्यांच्या कागदाचे पुढे काय झाले, तेही चरित्राचाच भाग आहे. योगायोग असा की, त्याच डिसेंबरच्या २९ तारखेला प्रशियाच्या सरकारनेही आपल्या रुग्णालयांना हुकूम काढला : समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय प्रयोग नको, अज्ञानावर नको. १९२५ साली अमेरिकन सेनेच्या नियमांत प्रयोगासाठी स्वयंसेवक हा शब्द आला. तरीही दुसऱ्या महायुद्धात त्याच सेनेने हजारो जवानांवर मस्टर्ड वायू वापरून पाहिला. पुष्कळांना पुरते सांगितले नव्हते आणि नंतर तोंड बंद ठेवायला लावले. आपल्या शिपायांचेही तेच. अखंड हिंदुस्थानात रावळपिंडीला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिंदी जवानांवर मस्टर्ड वायूच्या चाचण्या घेतल्या, ही गोष्ट २००७ साली उजेडात आली. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेम्बर्गची दहा कलमे लिहिली गेली; त्यांतले पहिलेच कलम स्वखुशीच्या संमतीचे. १९५३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांनी ती कलमे सेनादलांना लागू केली, संमती लेखीच हवी असेही घातले. पण त्या आदेशावर शिक्का मारला अतिगुप्त! ज्याच्या रक्षणासाठी नियम, त्या शिपायालाच तो वाचता येऊ नये. तो आदेश खुला झाला १९७५ साली. रीड यांचा कागद निदान मजुराच्या समोर मेजावर होता.

१९२९ साली अमेरिकन संसदेने पीतज्वराच्या प्रयोगांत भाग घेतलेल्यांना सुवर्णपदके आणि निवृत्तिवेतन दिले. यादीत रीड आहेत, लाझिअर, कॅरोल, आग्रामोंते, किसिंजर, मोरन, डीन, सगळे आहेत. करारावर नाव घातलेल्या स्पॅनिश मजुरांपैकी त्या यादीत एकही नाही. त्यांचे करारपत्र मात्र टिकले. सतराव्या वर्षी रीड ज्या व्हर्जिनिया विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडले, त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते जपून ठेवले आहे.